सोमवारची बॅटरी

बॅटरीला वार कळतात, हे मला सत्तावन्नाव्या वर्षी कळलं. मंगळवारी ठणठणीत, बुधवारी ठणठणीत, शुक्रवारी तर बटणाला नुसता अंगठा लागायचा अवकाश, इंजिन सुरू. आणि सोमवारी सकाळी किल्ली फिरवली की दिवा मलूल पडायचा, बटण दाबलं की सीटखालून टक टक टक एवढाच आवाज यायचा आणि पुढे काही नाही. माझ्या या मोटरसायकलला किक नाही. ज्या कुणा शहाण्याने ती काढून टाकली, त्याला एकदा सोमवारी सकाळी माझ्या दारापासून कोपऱ्यावरच्या उतारापर्यंत गाडी ढकलायला लावावी अशी माझी फार इच्छा आहे.

मी लिफ्टचा मेकॅनिक. रोजची तेलपाण्याची कामं कुणीही करतो, पण माझ्याकडे सुटकेचे कॉल असतात. म्हणजे कुठे लिफ्ट मधेच बंद पडली, आत माणूस अडकला, की ऑफिसातून माझा फोन वाजतो आणि अर्ध्या तासात मी तिथे पोचलेला असायला हवं. आधी दाराला तोंड लावून आतल्या माणसाशी बोलायचं, खाली बसा म्हणायचं, मग गच्चीवरच्या मशीन रूममध्ये जाऊन ब्रेक हाताने सोडायचा आणि चाक फिरवत फिरवत लिफ्ट मजल्याला आणायची. दार उघडल्यावर त्या माणसाच्या चेहऱ्यावर जे दिसतं ना, त्यासाठी मी तेहतीस वर्षं ही नोकरी केली. दुसरं कुठलंच काम मला इतकं नीट येत नाही आणि आवडत तर त्याहून नाही.

त्या सोमवारांनी माझ्या नाकी नऊ आणले. एकदा पन्नास मिनिटं उशीर झाला, आत एक गरोदर बाई होती. दुसऱ्यांदा एक तास. साहेबांनी केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं, आणि ते दार लावतात तेव्हा आवाज चढवत नाहीत, हे जास्त वाईट. म्हणाले, तिसऱ्यांदा असं झालं तर कॉल दुसऱ्याला देईन आणि तुम्ही आपले ऑफिसात बसून तक्रारींचं रजिस्टर सांभाळा, तुमच्या वयाला तेच बरं. वयाला. मी बाहेर आलो, पित्त असं खवळलं होतं की पार्किंगमध्ये येऊन त्या गाडीच्या टायरला एक लाथ घातली. लागलं मलाच.

घरी हे सांगितलं तर बायकोच्या चेहऱ्यावर दुःख काही दिसलं नाही. तिचं म्हणणं गेले काही महिने एकच आहे, आता खुर्चीवर बसा. मागच्या वर्षी एका मशीन रूममध्ये मला चक्कर आली होती. साखर एकदम उतरली, असं नंतर डॉक्टर म्हणाले. तीन तास मी त्या गच्चीवर पडून होतो, वॉचमन पाण्याची टाकी बघायला वर आला म्हणून सापडलो. ऑफिसात ऊन लागल्याचं सांगितलं. साखरेचं कळलं असतं तर त्याच दिवशी कॉल गेले असते. घरात मात्र तेव्हापासून मी म्हणजे काचेचं भांडं. पोचल्यावर फोन करत जा, असं बायको आणि लेक, दोघींनी माझ्याकडून कबूल करून घेतलं. मी चार दिवस केला. पाचव्या दिवशी दोन कॉल लागोपाठ आले, त्यात राहून गेलं, आणि मग राहूनच गेलं. माझा फोन बटणांचा, तोही बहुतेक वेळा हत्यारांच्या पिशवीत तळाला. मशीन रूममध्ये त्याला रेंज नसते, हे मी दोघींना शंभरदा सांगितलं आहे.

तर बॅटरी. पहिल्यांदा अर्थात तिच्यावरच संशय घेतला, चार वर्षांची झाली होती. बॅटरीवाल्याने तिच्यावर लोड टाकून बघितला आणि म्हणाला, हिच्यात अजून जीव आहे. मी म्हटलं, सोमवारी येऊन बघ. नवीन घेतली. ती शनिवारपर्यंत राणीसारखी वागली आणि सोमवारी मेली. परत दुकानात गेलो. त्याने ती चार्ज करून, तपासून, बोटाने पुसून माझ्या हातात दिली आणि म्हणाला, काका, बॅटरीत खोट नाही, तुमच्या गाडीत आहे. गाडीत खोट आहे असं मला, तेहतीस वर्षं वायरी हाताळणाऱ्याला, एक बॅटरी विकणारा सांगतो.

मग सल्ले सुरू झाले. आपल्याकडे माणूस आजारी पडला तरी एवढे वैद्य जमत नाहीत. मेहुणा म्हणाला, रविवारी गाडी जागेवरच दहा मिनिटं सुरू ठेवा. ठेवली. हेडलाइट बंद करायची सोय नाही, इंजिन आपलं मंद घुरघुरतंय, त्यात जेवढं भरलं त्याहून जास्त स्टार्टरने खाल्लं असणार. सोमवारी ठप्प. वरच्या मजल्यावरचे मास्तर म्हणाले, गाडीखाली लाकडी फळी ठेवा, जमिनीत करंट उतरतो. मास्तर विज्ञान शिकवायचे. मी हात जोडले. बायको म्हणाली, गाडीलाच कळतंय, तुम्हाला कळत नाही.

मग ठरवलं, पुरे झालं, आता लिफ्टचा पॅनेल तपासतो तशीच ही तपासायची. रविवारी सकाळी गाडी अंगणात सावलीला घेतली, सीट काढली. टर्मिनलवर पांढरी भुकटी धरली होती, ती सोडा घातलेल्या गरम पाण्याने धुतली, पुसली, वरून व्हॅसलीन लावलं. मीटर लावला तर साडेबारा व्होल्ट. इंजिन सुरू करून रेस केलं, सव्वाचौदा. म्हणजे भरायचं काम गाडी चोख करते आहे. खाणारा कुणीतरी दुसरा आहे, आणि तो गाडी बंद असताना खातो आहे.

त्यासाठी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवायची आणि तिच्या आणि बॅटरीच्या मधे मीटर धरायचा, म्हणजे जे काही चोरून वाहत असेल ते मीटरमधून जातं. तेवढं केलं आणि सवयीने किल्ली फिरवून स्टार्टरचं बटण दाबलं. मीटरचा फ्यूज गेला. हे मी कुणाला सांगितलं नाही. कपाटातून दुसरा फ्यूज शोधायला अर्धा तास गेला आणि त्या अर्ध्या तासात मी स्वतःला जे म्हणालो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दुसऱ्या खेपेला किल्लीच खिशात घातली. आकडा आला पंच्याऐंशी मिलिअँपिअर. ऐकायला किरकोळ वाटतं. बंद गाडीने दोन-तीन खावेत. शनिवार दुपार ते सोमवार सकाळ असा हिशेब केला तर माझ्या पाच अँपिअरच्या बॅटरीचा दोन तृतीयांश जीव गेला. रोज मात्र रात्रभरात थोडंच जातं आणि दिवसभराच्या फेऱ्यांत भरून निघतं. महिन्यापूर्वी माझे रविवारचे कॉल बंद झाले आणि गाडी सलग दोन रात्री उभी राहायला लागली, म्हणून सोमवार. महिनाभर ज्याने ताकास तूर लागू दिली नव्हती तो वार एका आकड्यात सापडला, आणि मला खरंच बरं वाटलं.

आता एकेक फ्यूज काढायचा आणि आकडा कधी पडतो ते बघायचं. हॉर्नचा काढला, पंच्याऐंशी. दिव्यांचा काढला, पंच्याऐंशी. मुख्य फ्यूज काढला. सगळी गाडी मेली, सगळे फ्यूज माझ्या तळहातावर, आणि मीटर आपला पंच्याऐंशी. याचा अर्थ एकच. कुणीतरी मुख्य फ्यूजच्याही आधी, थेट बॅटरीच्या वायरला जोड मारला आहे.

पेट्रोलची टाकी उचलली. बॅटरीपासून निघालेल्या जाड वायरीवर काळं आवरण असतं, त्याच्याआड एक बारीक लाल वायर सरकत सरकत फ्रेमच्या पोटाखाली गेली होती. तिच्या टोकाला आगपेटीएवढा काळा डबा, त्यावर हिरवा ठिपका लुकलुकत. मी असले डबे पाहिले आहेत, आमच्या मालाच्या गाड्यांना असतात. गाडी कुठे आहे ते फोनवर दाखवतात. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. साहेब! तेहतीस वर्षं राबलेल्या माणसावर पाळत, आणि त्याच पाळतीने बॅटरी संपवून वर उशीर केला म्हणून दटावणी. मी डोक्यात राजीनाम्याचं पहिलं वाक्यसुद्धा जुळवलं. चांगलं वाक्य होतं.

मग जोडावरची टेप सोडायला घेतली, आणि ती पटकन सुटली. टेपचं शेवटचं टोक आत दुमडलेलं होतं, छोटी जीभ काढल्यासारखं. असं कुणी करत नाही. टेप गुंडाळतात आणि दाबून टाकतात, मग उघडणारा नखं मोडून घेतो. टोक दुमडायचं, पुढच्या माणसाला उघडता आलं पाहिजे, हे माझं. माझ्या हाताखाली कितीजण येऊन गेले, हे एवढं एक कुणी उचललं नाही. उचललं ते एकाच व्यक्तीने, आणि ती तेव्हा आतल्या खोलीत केस वाळवत होती.

लेक पॅनेल बनवायच्या कारखान्यात वायरिंगला आहे. तिला मी हाक मारली. ती बाहेर आली, उचललेली टाकी बघितली, माझ्या हातातला डबा बघितला आणि दारातच थांबली.

"हे तू लावलंस?"

"हो."

"कधी?"

"तुम्ही गच्चीवर पडला होतात त्याच्या नंतर. सात महिने झाले."

मी बराच बोललो. आवाज एवढा चढला की वरचे मास्तर गॅलरीत येऊन परत आत गेले. मी चोर आहे का, म्हणालो. बाप आहे की ढोर, गळ्यात घंटा बांधायला. तुझ्या या डब्यापायी दोनदा माणसं तासभर लिफ्टमध्ये अडकून राहिली, माझी नोकरी जायला आली, आणि तू दर सोमवारी मला गाडी ढकलताना बघून दारातून हात हलवत होतीस. ती मान खाली घालून ऐकत होती. शेवटच्या वाक्यावर मात्र तिने वर बघितलं. डब्यामुळे होतंय हे खरंच माहीत नव्हतं, म्हणाली, हा डबा गाडी उभी असली की झोपतो, मग काही खात नाही, असं पुस्तकात दिलंय.

मग हा झोपत का नाही, मी विचारलं.

खनपटीला बसलो तेव्हा कळलं. गाडी उभी राहिली की डबा झोपतो आणि फोनवरचा हिरवा ठिपका करडा होतो. पहिल्या आठवड्यात तो असा करडा झाला की तिचं मशीनवर लक्ष लागेना. बाबा पोचून वर गेलेत की वाटेत पडलेत, काय समजायचं? म्हणून तिने सेटिंगमध्ये जाऊन त्याची झोपच बंद करून टाकली. तेव्हापासून तो दर दहा सेकंदांनी, रात्रंदिवस, अंगणात उभा असला तरी, मी इथे आहे मी इथे आहे असं सांगत बसला होता. तेच ते पंच्याऐंशी.

ज्या मुलीला मी करंटचं लीकेज म्हणजे काय ते नववीत शिकवलं, तिने ही चूक करावी! मी कपाळाला हात लावला. हसूही येत होतं आणि ते दिसू द्यायचं नव्हतं.

एवढ्यात बायको बाहेर आली. तिला सगळं माहीत होतं हे तिच्या चालण्यावरूनच कळलं. तिने मला सरळ सांगितलं की ती त्याच आठवड्यात माझ्या साहेबांकडे जाऊन साखरेचं सांगणार होती. लेकीने तिला अडवलं. बाबांचे कॉल गेले तर बाबा राहणार नाहीत, त्यापेक्षा मी लक्ष ठेवते, असं म्हणाली होती. बायको एवढं बोलून आत गेली आणि जाताना माझ्यासाठी भांडंभर पाणी तिथे ठेवून गेली.

मला यावर विरघळायचं नव्हतं. मी पक्कड उचलली आणि म्हणालो, भावना कळल्या, पण हे निघणार. मी काही रस्त्यावर पडत नाही. गेल्या वर्षी एकदा झालं ते झालं, त्याच्यानंतर मला काही झालेलं नाही.

"बाबा, झालंय," ती म्हणाली. "मार्चमध्ये. कालव्याच्या रस्त्यावर."

आता हे सांगायला हवं. मी घरात सांगितलं नव्हतं आणि इथेही सांगणार नव्हतो. मार्चमध्ये एका कॉलवरून दुसरीकडे जाताना कालव्याच्या रस्त्यावर माझे हात थरथरायला लागले, डोळ्यांपुढे पांढरं झालं. गाडी कशीबशी बाजूला घेतली आणि फुटपाथच्या कडेला बसलो. खिशातली साखरेची गोळी काढायची हे कळत होतं, पण हात खिशापर्यंत जात नव्हता. किती वेळ गेला माहीत नाही. मग समोरच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानातून एक म्हातारा हातात पेला घेऊन रस्ता ओलांडून आला. साखरेचं पाणी. काही न विचारता त्याने ते मला पाजलं आणि मी उठेपर्यंत बाजूला बसून राहिला. जगात अजून चांगली माणसं आहेत, असं म्हणून मी गाडी सुरू केली आणि तो विषय तिथेच मिटवला. त्या म्हाताऱ्याला मी साखर कशाला दिलीस असं विचारलंसुद्धा नव्हतं. माझं मलाच वाटलं असणार, की चेहरा बघून त्याला कळलं.

"तुला कसं माहीत?"

"ठिपका दोन पत्त्यांच्या मधेच थांबला होता. बारा मिनिटं. तुम्ही फोन उचलत नव्हता. मग मी दुकानांना फोन केले."

"कुठल्या दुकानांना?"

"त्या रस्त्यावरच्या. आठ जणांनी वेड्यात काढलं, फोन ठेवून दिला. नवव्याला म्हटलं, समोर काळी मोटरसायकल आणि पांढऱ्या केसांचा माणूस दिसतोय का बघा. तो म्हणाला, हो, बसलाय. त्याला म्हटलं, साखरपाणी द्या आणि माझं नाव सांगू नका."

मी पक्कड खाली ठेवली. तिला विचारलं, त्या रस्त्यावरच्या दुकानांचे नंबर तुझ्याकडे कुठून आले. मी हात पुढे केला, तिने फोन दिला. त्यात माणसांच्या नावांच्या जागी रस्तेच होते. कालवा एक, कालवा दोन, कालवा तीन. स्टेशनमागे एक ते चौदा. बाजार, जुना पूल, गोदामांची गल्ली. औषधाचं दुकान, टायरवाला, शिंपी, पिठाची गिरणी. मी वर्षानुवर्षं जिथून जातो ते सगळे रस्ते, क्रमाने, डाव्या हाताची दुकानं आणि उजव्या हाताची वेगळी. मी बोटाने सरकवत होतो आणि ते संपत नव्हते. सुट्टीच्या दिवशी बसने जायची आणि पाट्यांवरचे नंबर वहीत उतरून आणायची, असं ती शेवटी म्हणाली, आणि लगेच म्हणाली की फार नाहीत, तीनशे आहेत.

मला तेव्हा फार लाज वाटली. मी लोकांना अर्ध्या तासात सोडवतो म्हणून छाती काढून फिरत होतो, आणि ही मुलगी सात महिने अडकून होती, नोकरीच्या जागी, एका ठिपक्यासमोर, आणि तिला सोडवायला कुणी येत नव्हतं.

डबा मी काढला नाही. झोपेचं सेटिंग तिच्याकडून चालू करून घेतलं, मीटरचा आकडा चारवर आला, जोड पुन्हा गुंडाळला. सोमवारी गाडी पहिल्याच दाबाला सुरू झाली. मी वेळेआधी ऑफिसात पोचलो, साहेबांच्या केबिनमध्ये गेलो आणि या वेळी दार मीच लावलं. ऊन लागलं नव्हतं, साखर उतरली होती, आणि नंतर एकदा रस्त्यातही उतरली, असं सांगितलं. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग एकट्याने जायचे कॉल काढून घेतले. जोडीला माणूस असेल तेव्हा जा, म्हणाले, बाकी दिवस रजिस्टर.

बाहेर येऊन मी त्या रजिस्टरच्या खुर्चीवर बसलो. टेबलाला टेकून बसलं की बाहेर गाड्या उभ्या करायची जागा दिसते, तिथे माझी गाडी उभी होती. समोरचा फोन वाजला. कुठेतरी चौथ्या मजल्याच्या खाली एक जण अडकला होता. मी पत्ता लिहून घेतला, दुसऱ्या मेकॅनिकला पाठवलं, आणि आतल्या माणसाला सांगा खाली बसायला, एवढं त्याला बजावलं. मग त्याच फोनवरून लेकीच्या कारखान्यात फोन लावला. ती मशीन थांबवून धावत आली असावी, तिला धाप लागली होती. तिला म्हणालो, मी आता खुर्चीवर आहे, तू तुझं काम कर.